पाहुण्याला मैदान कळतं का?

विमानतळावरून बेल्लारी रस्त्याने बेंगळुरूत शिरणाऱ्या गोल्फपटूला हेब्बाळला दोन वाटा फुटतात. सरळ गेलं की हाय ग्राउंड्सचा, १८७६ साली सुरू झालेला बेंगळुरू गोल्फ क्लब. डावीकडे रिंग रोडने गेलं, की जुन्या चल्लाघट्टा तलावाच्या जागेवरचं कर्नाटक गोल्फ असोसिएशनचं मैदान. त्याची आखणी पीटर थॉमसनची. हा ऑस्ट्रेलियन पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकला. १९६४ ची पहिली इंडियन ओपनही कलकत्त्यात त्यानेच जिंकली.

१९५५ ची ब्रिटिश ओपन त्याने स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर जिंकली होती. तिथे अडचण डोळ्यांना दिसत नाही. फेअरवे ऐसपैस, पण ग्रीनचा उतार असा, की चेंडू चुकीच्या अंगाला पडला तर पुढचा फटका अवघड होऊन बसतो. हे उमगायला फेऱ्यांवर फेऱ्या लागतात. मग वर्षा-दोन वर्षांत एकदा येणाऱ्याला असं मैदान काय कामाचं?

अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्सलाही पहिल्या भेटीत ते कळलं नाही. १९२१ च्या ओपनमध्ये तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊ होलना त्याला ४६ फटके लागले. अकराव्या होलवर तो बंकरमध्ये अडकला आणि स्पर्धेतूनच बाहेर पडला. तोच जोन्स १९२७ ची ओपन तिथे सहा फटक्यांनी जिंकला. पुढे त्याने मैदानं आखणाऱ्या अ‍ॅलिस्टर मॅकेंझीबरोबर अमेरिकेत ऑगस्टाचं मैदान उभारलं, तेही रुंद फेअरवे आणि मोजके बंकर ठेवून. त्या क्लबचे बरेच सभासद दूरदूरच्या शहरांतले, क्वचित येणारे. म्हणजे एका अर्थाने पाहुणेच!

यातच उत्तर आहे. पाण्याने आणि झाडीने वेढलेलं मैदान नवख्याचे चेंडू गिळतं. मोकळं मैदान त्याचे दोन-चार फटके वाढवतं, पण त्याला खेळू देतं. आणि जे त्याला दिसत नाही, ते खेळाडूची पिशवी वाहणाऱ्या कॅडीला पाठ असतं. ग्रीनवर वाकून तो बोटाने एक जागा दाखवतो. ती होलपासून हातभर बाजूला असते. पाहुण्याचा विश्वास बसत नाही, पण चेंडू तिथूनच वळतो. बेंगळुरूत कॅडी म्हणून सुरुवात केलेला सी. मुनियप्पा २००९ ची इंडियन ओपन जिंकला, यावरून या माणसांची जाण कळावी.

तेव्हा क्वचित येणाऱ्यानेही असंच मैदान निवडावं, फक्त तिथला जुना कॅडी बरोबर घ्यावा आणि फटका मारण्याआधी त्याला विचारावं.