जामीनकतब्यापासून बँकहमीपर्यंत

धान्याच्या राशीपाशी माल विकून देणारा आडत्या आणि खरेदीदार या दोघांनी उभे राहावे, एकाने दुसऱ्याचा हात उपरण्याखाली घेऊन बोटांच्या पेरांनी भाव सांगावा आणि ज्याचा माल त्या कुणब्याने त्या हलणाऱ्या वस्त्राकडे निमूट पाहत राहावे, असा ‘हत्ता’ नावाचा व्यवहार जुन्या पेठांतून पिढ्यान्‌पिढ्या चालला. आणि जेथे भावच झाकलेला, तेथे आडत्याने रक्कम बुडविल्यास दाद कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न कुणब्याने मनातच गिळावा अशी रीत होती.

वास्तविक जामिनाची कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. पैशाची हमी घेणारा तो मालजामीन आणि माणूस हजर करण्याची हमी घेणारा तो हाजिरजामीन, हा भेद जुन्या दफ्तरांना चांगला ठाऊक होता. परंतु अशा जामीनकतब्यांनी, म्हणजे जामिनाच्या लेखी हमीपत्रांनी, राखला तो बहुधा सरकारी वसूल, कुणब्याचे येणे नव्हे. पेठेत पेढीची पत हेच तारण होते, आणि माणसे परस्परांच्या ओळखीची होती तोवर ते काही अंशी पुरतही असे.

१९०० च्या सुमारास नांदेडास आणि १९११ च्या सुमारास लातुरास रेल्वे पोहोचली, १९१७ साली लातुरात गंजगोलाई उभी राहिली. दूरदूरचा माल व दूरदूरचे खरेदीदार एकत्र आले, आणि ओळखीवरची पत तोकडी पडू लागली. बाजारावर नियंत्रण ठेवणारा कायदा वऱ्हाडात तर १८९७ सालीच झाला होता. १९२८ साली शाही शेतकी आयोगाने नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केल्यावर नांदेड-लातूर ज्यात मोडत त्या हैदराबाद संस्थानानेही १३३९ फसलीत, म्हणजे १९३० च्या सुमारास, आपला बाजार कायदा केला. पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा १९६७ पासून अमलात आला, आणि मराठवाड्यातील आडत्यासही बाजार समितीचा परवाना व त्यापोटी रोख अनामत किंवा बँकेची हमी, ही चौकट राज्यभर एकसारखी झाली.

तथापि अनामतीची रक्कम परवाना देतेवेळी ठरते, आणि उलाढाल मात्र हंगामाबरोबर फुगते. सुगीत लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनची पोती रचली जात असता एकाच पेढीवर शेतकऱ्यांचे जेवढे येणे उभे राहते, त्याच्यापुढे तारणाचा कागद पुष्कळदा अपुराच ठरतो. म्हणून शेतकऱ्याचे खरे रक्षण अनामतीत नाही. ते लिलाव उघड होण्यात, हिशेबपट्टी हाती पडण्यात आणि त्याच दिवशी रोकड मिळण्यात आहे. अनामत ही त्यानंतरची, शेवटची भिंत होय.