निवृत्तिवेतन अडले, तर दाद कोठे मागावी?

नोव्हेंबर महिना उजाडला की बँकांच्या शाखांमध्ये ज्येष्ठांची वर्दळ वाढते. हाती पासबुक, ओळखपत्र आणि सोबत एखादे नातवंड. काम एकच, आपण हयात असल्याची नोंद करणे. यादीतील नावापुढे स्वाक्षरी करताना ही यादी बँकेची नसून कोषागाराची आहे, हे मात्र अनेकांच्या ध्यानीही नसते. म्हणूनच निवृत्तिवेतन थांबले की पहिली तक्रार होते ती बँकेच्या खिडकीवर, आणि तेथे बहुधा उत्तर मिळत नाही.

राज्याच्या वित्त विभागांतर्गत लेखा व कोषागारे संचालनालय काम करते. जिल्ह्याच्या ठिकाणी कोषागार आणि तालुक्यांत उपकोषागारे, अशी त्याची रचना आहे. मुंबईत हेच काम अधिदान व लेखा कार्यालय पाहते. शासकीय देयके तपासून पारित करणे, जमाखर्चाचे लेखे महालेखापालांना सादर करणे, मुद्रांकांचा साठा सांभाळणे ही कोषागाराची नित्याची कामे. तथापि सामान्य माणसाचा या कार्यालयाशी खरा संबंध येतो तो निवृत्तीनंतरच.

निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव कर्मचाऱ्याचे कार्यालय तयार करते. तो महालेखापालांकडे जातो. विदर्भ व मराठवाड्यासाठी नागपूरचे, तर उर्वरित राज्यासाठी मुंबईचे कार्यालय आहे. तेथून निवृत्तिवेतन प्रदान आदेश निघतो, त्यानुसार कोषागार दरमहा रक्कम बँक खात्यात जमा करते. आदेशच निघाला नसेल, तर कोषागारात खेटे घालून उपयोग नाही. सेवापुस्तकातील त्रुटी मूळ कार्यालयालाच दूर करावी लागते. आदेश निघूनही रक्कम जमा झाली नसेल, तर मात्र कोषागाराचे दार ठोठावावे. जिल्हा परिषदेच्या सेवानिवृत्तांना निवृत्तिवेतन जिल्हा परिषदेमार्फत मिळते, त्यांनी कोषागारात रांग लावू नये.

सर्वाधिक परवड होते ती कुटुंब निवृत्तिवेतनात. पतीच्या प्रदान आदेशात पत्नीचे नाव नोंदलेले असेल, तर मृत्यूचा दाखला, मूळ आदेश आणि ओळखीची कागदपत्रे कोषागारात दिली की काम मार्गी लागते. नाव नसेल किंवा ते आधार व बँक खात्यावरील नावाशी जुळत नसेल, तर त्या माउलीला पतीच्या जुन्या कार्यालयापासून प्रवास सुरू करावा लागतो. माहेरचे आणि सासरचे अशी दोन नावे असलेल्या पिढीत ही अडचण विरळा नाही. निवृत्त झालेल्या प्रत्येकाने आपला आदेश आजच काढून जोडीदाराचे नाव अक्षरशः तपासावे. मृत्यूची वार्ता कळविण्यास विलंब झाल्यास खात्यात जमा झालेली जादा रक्कम परत वसूल केली जाते, हेही कुटुंबीयांनी ध्यानात ठेवावे.

हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जाणे शक्य नसल्यास २०१४ साली सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' या आधार क्रमांकावर आधारित डिजिटल सुविधेचा पर्याय आहे. मुदत चुकली, तरी निवृत्तिवेतन कायमचे बुडत नाही. नोंद होताच थकबाकीसह ते पूर्ववत सुरू होते. औषधपाण्याचा मासिक खर्च त्यावरच असलेल्या घरात मात्र मधले दोन-तीन महिने कसे काढायचे, हा प्रश्न उरतोच. कुटुंब निवृत्तिवेतनधारकांना यादीत पुनर्विवाहाविषयीचा रकानाही भरावा लागतो. निवृत्तिवेतन करपात्र असल्यास पॅन क्रमांक व बचतीचा तपशील वेळेत द्यावा, अन्यथा कर अधिक कापला जाण्याची शक्यता असते.

मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आदी शासकीय भरणा 'ग्रास' या ऑनलाइन प्रणालीवर करता येतो. चुकीच्या लेखाशीर्षाखाली भरणा झाल्यास परताव्याचा अर्ज संबंधित विभागाकडे करायचा असतो. चलन तेवढे जपून ठेवावे.

अलीकडे कोषागाराच्या नावाने दूरध्वनी करून थकबाकी मिळवून देण्याचे आमिष दाखविणारे किंवा जादा रकमेची वसुली मागणारे भामटे वाढले आहेत. कोषागार दूरध्वनीवरून कोणाकडूनही पैसे मागत नाही. असा फोन आल्यास खाते क्रमांक वा ओटीपी न सांगता थेट कार्यालयात जाऊन खातरजमा करावी. जाताना प्रदान आदेशाचा क्रमांक सोबत ठेवावा, कारण त्याशिवाय प्रकरण शोधणे तेथील कर्मचाऱ्यांनाही कठीण जाते.