क्रेडिट कार्ड भरणा, घरगुती पर्यटक निवासातील

क्रेडिट कार्ड भरणा, घरगुती पर्यटक निवासातील : राहत्या घरातील खोली किंवा रिकामा फ्लॅट थोड्या दिवसांसाठी पाहुण्यांना देणाऱ्या मालकाने भाडे कार्डावर घेण्याची पद्धत. मुंबईच्या उपनगरांत अशा घरांचे गिऱ्हाईक जागेनुसार बदलते. अंधेरीत विमानतळ, सीप्झ आणि चार बंगल्यांजवळचे कोकिलाबेन रुग्णालय यांमुळे कामासाठी व उपचारांसाठी आलेली माणसे उतरतात. बोरिवलीपलीकडच्या गोराई-मनोरीत शनिवार-रविवारची मंडळी. मुलुंड-घाटकोपरला लग्नकार्यासाठी किंवा आजाऱ्याच्या सोबतीला आलेले नातेवाईक. रोख किंवा यूपीआयवर भागते ते मुख्यतः यातल्या शेवटच्या गटाचे. कंपनीच्या खर्चाने आलेला माणूस आणि परदेशी रुग्णाचा मुलगा मात्र आधी कार्डच पुढे करतात.

भारतात बँकेचे क्रेडिट कार्ड मुंबईतूनच आले. सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये ‘सेंट्रल कार्ड’ काढले. तरी पुढची कितीतरी वर्षे कार्ड घेणे हे हॉटेलचे काम होते, घराचे नव्हे. आजही घरमालकाची पहिली अडचण मशीनची नसते, तर कागदांची असते. कार्डाचे पैसे घेण्यासाठी बँकेकडे किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या पेमेंट ॲग्रिगेटरकडे ‘व्यापारी’ म्हणून नोंद व्हावी लागते. त्यासाठी पॅन आणि बँक खाते यांच्यासोबत व्यवसायाचा एखादा पुरावा मागितला जातो: गुमास्ता, उद्यम नोंदणी किंवा जीएसटी क्रमांक. पत्ता मात्र सोसायटीतल्या फ्लॅटचा, आणि सोसायटी एनओसी द्यायला नाखूश. भाड्याने दिलेल्या घरावरचे ‘नॉन-ऑक्युपन्सी’ शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा १ ऑगस्ट २००१ चा शासकीय आदेश आहे. परंतु दर दोन दिवसांनी लिफ्टमध्ये दिसणाऱ्या नव्या चेहऱ्यांबद्दलची तक्रार त्याने मिटत नाही. मालक स्वतः त्याच घरात राहत असेल, तर केंद्र सरकारच्या ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ योजनेत १ ते ६ खोल्यांची नोंदणी करता येते. बँकेपुढे ठेवायला हा कागद उपयोगी पडतो. अंधेरीतला बंद फ्लॅट नालासोपाऱ्याहून चालवणाऱ्याला ती वाट नाही.

यातून अनेकजण काढतात ती पळवाट म्हणजे स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर. पण क्रेडिट कार्ड तिथे चालत नाही. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते खरे, मात्र पैसे फक्त व्यापाऱ्याच्या क्यूआरवर जातात, व्यक्तीच्या खात्यावर नाही. ॲपमधून ‘घरभाडे’ म्हणून कार्ड वापरण्याची सोयही रिझर्व्ह बँकेच्या १५ सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनंतर अनेक ॲपांनी बंद केली.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. डेबिट कार्डावरचे शुल्क रिझर्व्ह बँकेने बांधून दिले आहे: वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, एका व्यवहाराला २०० रुपयांच्या आत. रुपे डेबिटवर १ जानेवारी २०२० पासून शुल्क नाही. क्रेडिट कार्डाला असे बंधन नाही. दर करारावर ठरतो आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. समजा दर २ टक्के आहे. तीन रात्रींच्या १२,००० रुपयांवर शुल्क २४० आणि त्यावरचा कर ४३ रुपये २० पैसे, म्हणजे हातात ११,७१६ रुपये ८० पैसे येतात. शुल्क-कराची ही रक्कम पाहुण्याकडून वरून मागण्याची सवय बरीच दिसते, पण ती बरी नव्हे; भाडे ठरवतानाच ती धरावी. भाड्यावरचा जीएसटी वेगळा: नोंदणीकृत मालकाला रात्रीच्या ७,५०० रुपयांपर्यंत २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, त्याहून जास्त भाड्यावर १८ टक्के.

एअरबीएनबीसारख्या मंचावरून बुकिंग आले, तर कार्ड घेण्याचे काम मंचच करतो आणि पाहुणा उतरल्यावर साधारण २४ तासांनी पैसे मालकाकडे रवाना करतो. मालक जीएसटीत नोंदलेला नसेल, तर करही मंच भरतो. कमिशन कितीही बोचले, तरी एक-दोन खोल्यांच्या मालकाला हाच मार्ग परवडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

थेट बुकिंगमध्ये जोखीम मालकाची. भारतीय कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला २००९ पासून ओटीपीसारखी जादा पडताळणी लागते, तर परदेशी बँकेच्या कार्डाला तिची सक्ती नव्हती. त्यामुळे चोरीच्या कार्डाचा धोका पेमेंट लिंकवर जास्त. अशा वेळी पाहुणा दारात आल्यावर मशीनमध्ये चिपचे कार्ड घालून पिन घेणे चांगले. (परदेशी पाहुण्याची २४ तासांत ऑनलाइन नोंद करायची असल्याने पासपोर्ट तेव्हा हातात असतोच.) अनामत रक्कमही खरे तर कापायची नसते, हॉटेले करतात तशी ती कार्डावर फक्त अडकवून ठेवता येते. ही सोय मशीन देणाऱ्याकडून आधी चालू करून घ्यावी लागते. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवण्याची जुनी खोड मात्र सोडलीच पाहिजे: १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही.

‘मी तिथे राहिलोच नाही’ अशी तक्रार पाहुण्याने आपल्या बँकेकडे केली की चार्जबॅक (पैसे परत मागण्याची प्रक्रिया) सुरू होतो आणि ठरलेल्या मुदतीत मालकाला पुरावा द्यावा लागतो. बुकिंगची अट मान्य केल्याचा संदेश, ओळखपत्राची प्रत, सहीची पावती हे तर हवेच. पण उपनगरातल्या मालकापाशी हॉटेलवाल्याकडे नसलेला आणखी एक कागद असतो: सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनचे रजिस्टर, ज्यात पाहुण्याचे नाव, येण्याची वेळ आणि टॅक्सीचा नंबर त्याच्याच अक्षरात लिहिलेला असतो.