पांडु, रक्तक्षय आणि निळी गोळी

शालेय आरोग्यशिक्षणाच्या इतिहासात योजना आणि आकडे यांची नोंद होते. वर्गात रोगाचा उल्लेख कोणत्या नावाने झाला, याची होत नाही. किशोरवयीन मुलींच्या रक्तक्षयाबाबत ही उणीव विशेष जाणवते.

या विकाराशी मिळतेजुळते जुने नाव ‘पांडुरोग’ हे होय. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळाव्या अध्यायात पांडूवर लोहयुक्त योग सांगितले आहेत. परंतु तेथेच कामलेचाही, म्हणजे काविळीचा, विचार येतो. तेव्हा पांडु आणि ॲनिमिया यांना समानार्थी मानता येत नाही. पहिले नाव वर्णावरून पडले. आजचे निदान हिमोग्लोबिनच्या मापनावर आधारलेले आहे. ‘रक्तक्षय’ या शब्दाची अडचण निराळी : त्यातील ‘क्षय’ हे पद मराठी कानाला दुसऱ्याच भयंकर रोगाची आठवण करून देते.

आधुनिक इतिहासाचा एक धागा मुंबईत सापडतो. गर्भवती गिरणीकामगार स्त्रियांतील एका प्रकारच्या ॲनिमियावर यीस्टचा अर्क गुणकारी ठरतो, हे ल्यूसी विल्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजेच फोलिक आम्ल. पालकाच्या पानांतून ते मिळाल्यामुळे १९४१ मध्ये लॅटिन ‘फोलियम’, म्हणजे पान, या शब्दावरून त्याला हे नाव देण्यात आले.

१९७० च्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा भर गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुले यांच्यावर होता. शाळकरी मुलगी माता होईपर्यंत जणू गणतीतच नव्हती. २०१२-१३ मध्ये साप्ताहिक योजना आली : सहावी ते बारावीच्या मुलामुलींना १०० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असलेली निळी गोळी. २०१८ च्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ मोहिमेत लोहाची मात्रा ६० मिलिग्रॅम झाली.

तथापि, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार १५ ते १९ वर्षांच्या मुलींतील ॲनिमियाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५४.१ टक्के, तर २०१९-२१ मध्ये ५९.१ टक्के होते. याचा दोष एकट्या गोळीवर ठेवणे युक्त नव्हे. अपुरा आहार, कृमी आणि मासिक रक्तस्राव हीही कारणे आहेत. परंतु गोळी घेतल्यावर मळमळ होऊ शकते, मल काळा होतो, हे आधी न सांगितल्यास मुलगी ती पुढच्या आठवड्यात गुपचूप टाकून देते. जेवणासोबतच्या चहाने लोहाचे शोषण घटते आणि लिंबाने वाढते, हेही तिला कळावयास हवे. गोळीच्या वाटपाची नोंद पटावर राहते. समजुतीची राहत नाही. या शिक्षणाचे यश मात्र दुसरीवरच अवलंबून आहे.