मोडी, आणे आणि फॉक्सप्रो

दिवाळीत सायखेड्याला गेलो होतो. फराळाची ताटं उचलली गेली आणि पुतण्या लॅपटॉप घेऊन समोर येऊन बसला. म्हणाला, "काका, रागावणार नसाल तर एक विचारू? ते तुमचं निळं सॉफ्टवेअर आता काढून टाकूया का?"

निळं सॉफ्टवेअर म्हणजे मी १९९३ साली नानांच्या (म्हणजे माझ्या चुलत्यांच्या) कांद्याच्या आडतीसाठी फॉक्सप्रोमध्ये लिहिलेली हिशेबाची आज्ञावली. निळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसचा पत्ता नाही. नुकतीच पदवी हातात पडली होती आणि अंगात भलताच उत्साह होता. आवक, वजन, भाव, हमाली, तोलाई, उचल, पट्टी... सगळं त्यात घातलं. तीस वर्षं उलटून गेली तरी ती चालतेच आहे. २०१६ च्या जुलैमध्ये शेतकऱ्याकडून आडत घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम आला, तेव्हा मी दोन ओळी बदलल्या. एका संध्याकाळचं काम. पुढच्याच महिन्यात गंगापूर धरणातून पाणी सुटलं, गोदावरी गावात शिरली, तेव्हा संगणक उचलून माडीवर नेला. २०१९ ला पुन्हा तेच. यंत्रं बदलली, आज्ञावली तीच राहिली. आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर डॉसच्या काळातलं काही थेट चालत नाही, म्हणून डॉसबॉक्स वापरतो. लोक त्यात लहानपणचे खेळ खेळतात, आम्ही त्यात आडत चालवतो!

राग आला का? थोडासा आला. खोटं कशाला बोलू. पण पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्येच जाहीर केलं होतं की फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती येणार नाही, आणि २०१५ पासून उरलासुरला आधारही काढून घेतला. आमच्या घरात ती भाषा येणारा मी एकटा. उद्या मला काही झालं तर?

रात्री झोप येईना. माडीवर पडल्या पडल्या लक्षात आलं की आमच्या घरात हा प्रश्न काही पहिल्यांदा आलेला नाही.

डोक्यावरच्या माळ्यावर पणजोबांच्या वह्या आहेत, मोडीतल्या. मोडी ही हात न उचलता भरभर लिहायची लिपी. परंपरा तिचं श्रेय तेराव्या शतकातल्या यादवांच्या हेमाडपंतांना देते. पुढे कित्येक शतकं मराठी मुलखाचा हिशेब, पत्रव्यवहार, जमिनीची कागदपत्रं मोडीतच झाली. मग छापखाने आले, बाळबोध सोपी पडू लागली, आणि १९५० च्या आसपास मोडी शाळेतूनही गेली. बदल चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. बाळबोध सगळ्यांना वाचता येते, हा काही लहान फायदा नाही. पण जुनं नव्यात उतरवून घ्यायचं काम मात्र राहून गेलं. आज पुराभिलेख विभागाला मोडीचे वर्ग घ्यावे लागतात. युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली ती २०१४ साली.

काही वर्षांपूर्वी नाशिकच्या एका मोडी जाणकारांकडे त्यातली एक वही नेली होती. पहिली पानं गुळाच्या उधारीची निघाली. पुढे एका पानावर बांधावरच्या आंब्याच्या वाटणीचा चार ओळींचा निवाडा होता. त्याच आंब्यावरून आमचे वडील आणि त्यांचे चुलतभाऊ बारा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. निवाडा त्यांच्याच घरात, त्यांच्याच डोक्यावर होता. पण दोघांनाही मोडी येत नव्हती.

दुसरा प्रसंग नानांच्या आठवणीतला. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नये पैसे आले, तेव्हा नाना अठरा वर्षांचे होते आणि आजोबांच्या हाताखाली वही लिहीत होते. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. आता सव्वा पैसा कुठून आणायचा? म्हणून सरकारी कोष्टक होतं. एका आण्याला ६ पैसे, तीन आण्यांना १९. म्हणजे एकेक आणा तीनदा दिला तर १८ आणि एकदम दिला तर १९. नाना हसत सांगतात, "त्या एका पैशापायी तुझ्या आजोबांनी वहीत कसर-वटावाचं वेगळं पान उघडलं होतं. रोज संध्याकाळी त्याचा मेळ बसवायचा."

त्या वेळी एक गोष्ट मात्र शहाणपणाची झाली. जुनी नाणी एका रात्रीत बाद केली नाहीत. आणे आणि पैसे काही वर्षं शेजारी शेजारी चालले. लोक मनात आण्यांत मोजायचे आणि हातात पैसे द्यायचे. सवय झाल्यावर आणे आपोआप गेले, आणि १९६४ मध्ये पैशाचा 'नया'ही गेला.

तिसरा प्रसंग माझाच. १९९८ मध्ये मी मुंबईला सीप्झमध्ये नोकरीला लागलो. काम एकच. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या कोबोलमधल्या आज्ञावल्या सन २००० साठी तयार करायच्या. कोबोल ही १९५९ सालची भाषा, खास व्यापाराच्या हिशेबासाठी बनवलेली. त्या काळी एका छिद्रपत्रावर ८० खाने असायचे, म्हणून जागा वाचवायला वर्षाचे दोनच आकडे लिहायची सवय लागली. १९७४ चं नुसतं ७४. जागा महाग होती, आणि हे इतकी वर्षं चालेल असं कोणाला वाटलं होतं?

गंमत म्हणजे आपल्याकडच्या सॉफ्टवेअर निर्यातीचा आरंभच अशा भाषांतराने झाला. १९७० च्या दशकात टीसीएसला बरोज कंपनीकडून काम मिळालं, ते एका यंत्रावरचं कोबोल दुसऱ्या यंत्राच्या कोबोलमध्ये आणण्याचं. म्हणजे जुनं नव्यात उतरवणं हा आपल्या लोकांचा पोटापाण्याचा धंदा झाला आणि आपलीच मोडी माळ्यावर राहिली. असो.

आमच्या कामात सगळीकडे वर्ष चार आकडी करायला वेळ नव्हता. मग एक युक्ती. दोन आकडे ठरावीक संख्येपेक्षा लहान असतील तर २००० चं शतक धरायचं, मोठे असतील तर १९०० चं. तीच युक्ती मी सुट्टीत गावी येऊन नानांच्या आज्ञावलीत घातली. मर्यादा ठेवली ३०. म्हणजे १ जानेवारी २०३० ला आमची आडत १९३० सालात जाणार आहे! तेव्हा वाटलं होतं, २०३० पर्यंत कोण वापरतंय. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या अमेरिकन लोकांना हसलो, त्यांच्याच रांगेत आता मी उभा आहे.

मग प्रश्न सोपाच झाला ना? काढा जुनं, घाला नवं. पण दोन्हीकडे खड्डे आहेत. काहीच न करणाऱ्यांचं काय होतं ते २०२० च्या एप्रिलमध्ये दिसलं. करोनात बेकार भत्त्याचे अर्ज एकदम वाढले, तेव्हा न्यू जर्सीच्या राज्यपालांना कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत म्हणून जाहीर आवाहन करावं लागलं. आणि घाई करणाऱ्यांचं काय होतं ते इंग्लंडच्या टीएसबी बँकेने २०१८ च्या एप्रिलमध्ये दाखवलं. शनिवार-रविवारात सगळी खाती जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत हलवली, आणि १९ लाखांपर्यंत ग्राहक आपल्याच खात्याबाहेर अडकले. २०२२ मध्ये तिथल्या नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला. त्याच २०२२ साली आपल्या केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे गावोगावच्या वह्या आता एका साच्यात जायच्या आहेत. प्रत्येक वहीत काय काय दडलेलं असेल, कोण जाणे.

हे मी उगीच म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी पुतण्याने नव्या सॉफ्टवेअरचा नमुना दाखवला. आमचीच खाती त्यात भरलेली. दिसायला देखणं, मोबाईलवर चालणारं, मराठीतून. (माझ्या आज्ञावलीत नावं इंग्रजी अक्षरांत आहेत, आणि एकच शेतकरी तीन स्पेलिंगांनी तीनदा आहे. हा दोष माझा.) पण पट्टीत काही पैशांचा फरक येत होता. नवं सॉफ्टवेअर प्रत्येक गोणीमागे पूर्णांक करत होतं आणि माझं शेवटी एकदाच. आजोबांचा एक आणा-तीन आणे पुन्हा हजर!

आणि एका उचल खात्यावर व्याज लागलं होतं, माझ्या आज्ञावलीत मात्र शून्य. आम्ही दोघांनी मूळ ओळी उघडल्या. तिथे लिहिलं होतं, खातं ४७, ११२ किंवा १६३ असेल तर व्याज शून्य. बस. का, ते कुठेच नाही. ओळ माझ्याच हातची, पण मला काही केल्या आठवेना. पुतण्या म्हणाला, "काका, बग असेल."

नाना पलंगावर पडून ऐकत होते. म्हणाले, "बग-बिग काही नाही. त्या तिन्ही घरांतला कर्ता माणूस गेला होता त्या वर्षी. व्याज लावायचं नाही असं मीच तुला सांगितलं. आणि लिहून ठेवू नको, असंही मीच सांगितलं. दुकानात चार माणसं वही बघतात, त्या बायकांना कमीपणा कशाला?"

आम्ही दोघं गप्प बसलो. नवा नमुना तसाच सुरू झाला असता तर पुढच्या पट्टीत व्याज कापून गेलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं. तिन्हीतली दोन खाती आता बंद आहेत. तिसऱ्या घरातला मुलगा आज चांगला बागायतदार आहे. नानांना विचारलं, आता काय करायचं? ते म्हणाले, "आता त्याचं बरं चाललंय. त्याला सांगून पुढचं लावा. मागचं मात्र काढू नका."

आता हा निर्णय कुठल्या सॉफ्टवेअरने घेतला असता, सांगा बरं?

शेवटी ठरलं ते असं. निळं सॉफ्टवेअर जाणार. पण आधी मी आणि पुतण्या नानांसमोर बसून त्यातली ओळ न् ओळ वाचणार, आणि प्रत्येक नियम का आहे ते साध्या मराठीत एका वहीत लिहिणार. बाळबोधीत! मग एक पूर्ण उन्हाळ कांद्याचा हंगाम जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालवायचं. रोज संध्याकाळी मेळ घालायचा. आधी फक्त पट्टी, मग उचल. मेळ बसला की जुनं बंद. २०३० च्या आत हे सगळं व्हायला हवं, आणि खरं सांगायचं तर नानांच्या हयातीत व्हायला हवं. ते शहाऐंशी वर्षांचे आहेत.

वाचन सुरू झालंय. पहिल्याच आठवड्यात एके ठिकाणी अडलो. खातं १०८ ला तोलाई लागत नाही. का, ते मला आठवत नाही आणि नानांनाही आठवत नाही. घरच्यांपैकी कोणाला ठाऊक असेल तर कृपया फोन करा. रात्री नऊनंतर केलात तरी चालेल.