ब्रेक पॅडची काळी धूळ : एक विस्मृत इतिहास

१/ जुन्या मोटारीचे चाक उतरवून घरीच ब्रेक पॅड बदलताना हाताला काळी धूळ लागते. त्या धुळीमागे शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. #थ्रेड

२/ ऑगस्ट १८८८. बर्था बेंझ दोन मुलांसह मॅनहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने निघाल्या. उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा त्यांनी वाटेत एका मोच्याकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. अस्तराने झिजावे आणि यंत्र वाचवावे, हे ब्रेक पॅडचे तत्त्व त्यात दिसते.

३/ १९०२ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. कल्पना अचूक होती. परंतु तांब्याचे अस्तर कर्कश आवाज करी आणि धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजे.

४/ उत्तर डर्बीशरमध्ये सापडले. हर्बर्ट फ्रूड यांनी १९०८च्या सुमारास ॲस्बेस्टॉसचे अस्तर सिद्ध केले. उष्णतेला दाद न देणारा हा तंतू पुढे अनेक दशके मोटारींच्या ब्रेकमध्ये नांदला.

५/ १९५३ मध्ये डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने ल माँची शर्यत जिंकली. १९५५ च्या सिट्रोएन डीएसने पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक सामान्य ग्राहकापर्यंत आणले.

६/ त्याची किंमत मात्र आधीच दिसू लागली होती. १९२४ मध्ये रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस कारखान्यातील कामगार नेली केरशॉ ३३व्या वर्षी फुप्फुसाच्या विकाराने मरण पावल्या. १९३१ मध्ये ब्रिटनने नियम केले, पण ते कारखान्यांतील उत्पादनापुरते. गॅरेजमध्ये फुंकर मारून ब्रेक साफ करणारा कारागीर त्यांच्या कक्षेबाहेरच राहिला.

७/ १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर व सहकाऱ्यांनी ॲस्बेस्टॉस आणि मेसोथेलिओमा या कर्करोगाचा संबंध मांडला. हा रोग अनेकदा संपर्कानंतर काही दशकांनी प्रकटतो. ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी येण्यास १९९९ उजाडले.

८/ म्हणून जुन्या गाडीचे पॅड कशाचे आहेत हे ठाऊक नसेल, तर ते ॲस्बेस्टॉसचे असू शकतात असे धरूनच चालावे. धूळ तोंडाने वा हवेच्या झोताने उडवू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये. ओल्या फडक्याने टिपून ते फडके पिशवीत बंद करावे. पॅड दोन्ही बाजूंचे एकत्र बदलावेत आणि गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे.

९/ शर्यत जिंकणाऱ्यांची नावे इतिहासाने जपली. ती धूळ श्वासात घेणाऱ्या कारागिरांची नावे बहुतांशी कोठेही नोंदलेली नाहीत.