टायटॅनियमच्या बरगडीची कुळकथा

काही मुले जन्मतःच अर्धवट घडलेले मणके आणि एकमेकींना चिकटलेल्या बरगड्या घेऊन येतात. काहींना एका बाजूच्या बरगड्याच नसतात. हे व्यंग दुर्मीळ आहे. जार्को आणि लेव्हिन या वैद्यकांनी १९३८ मध्ये त्याच्या एका प्रकाराचे वर्णन केले. कण्याचा बाक चटकन डोळ्यांत भरतो, पण जिवावर बेतते ते छातीचा पिंजरा आखूड व ताठ राहिल्यामुळे. आतल्या फुफ्फुसांना वाढायला जागाच मिळत नाही.

शल्यचिकित्सेला हे उशिरा उमगले. विसाव्या शतकात बराच काळ अशा मुलांचे मणके लहानपणीच एकमेकांशी सांधून टाकत. कणा आखूड राहिला तरी चालेल, पण सरळ हवा, अशी धारणा होती. फुफ्फुसांतले वायुकोश मात्र मुख्यतः बालपणाच्या पहिल्या काही वर्षांत वाढतात, आणि नेमक्या त्याच काळात छातीची उंची खुंटत असे. क्ष-किरण चित्रातला सरळ कणा हे अपुरे यश होते.

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या सॅन अँटोनियो शहरात एका बाजूच्या बरगड्या नसलेले, श्वासयंत्रावरचे तान्हे मूल रॉबर्ट कॅम्पबेल या अस्थिशल्यविशारदांकडे आले. मेल्विन स्मिथ या बालशल्यविशारदांच्या साथीने त्यांनी हाडांच्या शस्त्रक्रियेतल्या धातूच्या सळ्या वापरून छातीची ती बाजू सावरली. मूल वाचले, पण सळी काही मुलाबरोबर वाढत नाही. त्या अडचणीतून, दोनच वर्षांत, लांबवता येणारी टायटॅनियमची बरगडी आली. तिचे इंग्रजी आद्याक्षरी नाव ‘व्हेप्टर’.

चिकटलेल्या बरगड्या कापून वेगळ्या करतात, आक्रसलेली बाजू उघडतात आणि ही वक्र, एकात एक सरकणारी सळी बसवतात. वरचा आकडा बरगडीला धरतो; खालचे टोक दुसऱ्या बरगडीला, मणक्याला किंवा कटीच्या हाडाला अडकवतात. पुढे साधारण दर सहा महिन्यांनी लहानसा छेद घेऊन सळी थोडी लांबवतात. मणके न सांधल्यामुळे कण्यालाही वाढीची संधी राहते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये, दुर्मीळ आजारांच्या साधनांसाठी असलेल्या खास तरतुदीखाली तिला मान्यता दिली. एवढ्या शस्त्रक्रियांची किंमत मुलांना मोजावी लागते: जंतुसंसर्ग होतो, आकडे हाडातून सरकतात, भूल पुन्हा पुन्हा द्यावी लागते. म्हणूनच बाहेरून चुंबकाने लांबवता येणाऱ्या सळ्या पुढे आल्या. छातीचा ताठरपणा मात्र त्यांनीही जात नाही.